खरूज, गजकर्ण, आलेले डोळे: स्पर्शाने पसरणारे आजार घरातच कसे अडवायचे

घरात एकाला खरूज झाली की फरशी फिनाईलने पुसली जाते. शाळेत डोळे आले की काळे चष्मे विकत आणले जातात. जांघेत गजकर्ण उठले की मेडिकलमधून एखादी ट्यूब येते आणि तीच घरभर फिरते. कष्ट होतात, पैसा जातो आणि आजार शेजारच्या अंथरुणावर सरकतो. कारण हे तिन्ही आजार स्पर्शाचेच असले तरी त्यांचे रस्ते वेगळे आहेत. खरूज अंगाला अंग बराच वेळ लागून पसरते. गजकर्ण अंगावरून जाते आणि कपड्यांवरूनही. डोळे येतात ते हातामुळे. रस्ता ओळखला तर थोड्या पाण्यात आणि थोड्या पैशात काम होते. धुळे-जळगावच्या ज्या वस्तीत नळ चार-आठ दिवसांनी येतो, तिथे तर पाणी कशावर खर्च करायचे हे आधीच ठरवावे लागते.

खरूज: सगळ्या घराने एकाच रात्री

खरूज हा रक्तातला दोष नाही आणि उष्णताही नाही. त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून राहणारी एक कीड असते. मादी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढी. ती रोज दोन-तीन अंडी घालते, अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत नवी कीड तयार होते. नेहमीच्या खरजेत सबंध अंगावर अशा १०-१५ किडीच असतात. एवढी खाज सुटते ती त्यांच्याबद्दल शरीराला येणाऱ्या वावड्याने.

ही कीड उडत नाही, उडी मारत नाही, फक्त चालते. नमस्कार केला, हात मिळवला, पैसे दिले-घेतले एवढ्याने ती सहसा जात नाही. एका गोधडीत झोपणे, लेकराला कडेवर घेऊन फिरणे, अंगावर पाजणे, नवरा-बायकोचा सहवास, असा दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ अंगाला अंग लागले की ती सरकते. म्हणून थंडीत खरूज वाढते. रात्री गार पडल्या की पोरे एकमेकांना बिलगून झोपतात.

दुसरी गोष्ट सगळ्यांत जास्त फसवते. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात माणूस दुसऱ्याला ती देत असतो. आश्रमशाळेतला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आणि भावंडांसोबत झोपला, तर घरच्यांना खाज सुटते तेव्हा मार्गशीर्षातली सारंगखेड्याची यात्रा भरलेली असते. मुलगा शाळेत परत जाऊन महिना होतो, त्याच्याशी याचा संबंध कुणी लावत नाही. ज्याला आधी होऊन गेली आहे, त्याला मात्र दुसऱ्या वेळी एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

ओळखायचे असे: रात्री अंथरुणात वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, कमरेला, कुल्ल्यांवर, बायकांच्या स्तनांभोवती, पुरुषांच्या लिंगावर बारीक पुरळ, आणि घरात खाजणारी माणसे एकाहून जास्त. तान्ह्या बाळांना तळहात, तळपाय आणि डोक्यावरही उठते.

उपाय करण्याआधी एक यादी करा. एका छपराखाली झोपणारे सगळे तिच्यात आले पाहिजेत: खाजत नाही असे म्हणणारा बापही, अंगावर पिणारे बाळही, पडवीत निजणारी आजीही. सालदार घरीच मुक्कामाला असेल तर तोही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब होळीला परतणार असेल आणि मागे राहिलेल्यांनी आधीच औषध लावून घेतले असेल, तर होळीनंतर खरूज पुन्हा घरात येऊ शकते. सगळे एकत्र आले की एक रात्र धरा आणि त्याच रात्री सगळ्यांनी लावा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातापायांवर जाड, खपलीसारखे पापुद्रे दिसत असतील तर आधी त्यांना डॉक्टरांना दाखवा. तशा खरजेत किडी हजारो-लाखोंनी असतात, खाज मात्र कधी कधी नसतेच. घराला पुन्हा पुन्हा खरूज होण्याचे मूळ बऱ्याचदा तिथे असते, आणि नुसत्या मलमाने ती जात नाही.

औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचे मलम. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. एका वेळेला मोठ्या माणसाला सुमारे ३० ग्रॅम लागते, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव आणि दोन महिने ते वर्षभराच्या बाळाला अष्टमांश. आई, वडील, आजी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा अशा घराला एका रात्रीला जवळपास ११३ ग्रॅम होते, आणि सात दिवसांनी तेवढेच पुन्हा. म्हणजे ३० ग्रॅमच्या आठ ट्यूबा. दोन ट्यूबा पाचजणांत वाटून घेतल्या तर कुणाचेच अंग पुरे झाकत नाही, आणि मग ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणायची वेळ येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच लावा.

औषध संध्याकाळी लावायचे. आधी नखे अगदी जवळून कापा. आंघोळ केली असेल तर अंग कोरडे आणि गार होऊ द्या, कढत पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावू नका. मग हनुवटीखालपासून तळपायापर्यंत इंचभरही जागा न सोडता मलम चोळा. पुरळ असलेल्या ठिकाणीच टिपके देणे ही सगळ्यांत मोठी चूक, कारण कीड असलेल्या प्रत्येक जागी पुरळ असतेच असे नाही. पाठीला दुसऱ्याने लावावे. नखांखाली जुन्या ब्रशने भरा. बाळांना आणि म्हाताऱ्यांना मान, कानामागे आणि डोक्यालाही लावा, डोळे आणि तोंड सोडून.

आपल्याकडे हमखास सुटणारी जागा म्हणजे दोऱ्याखालची. करदोटा, मनगटातला गंडा, दंडावरचा ताईत, पायातला काळा दोरा, बांगड्या, जोडवी, अंगठी यांच्याखालची त्वचा मलमावाचून राहते. दागिने काढून ठेवता येतात ते काढा. बाकीचे वर सरकवून खाली लावा. करदोटा दुसऱ्या दिवशी सकाळी बदलून टाकलेला बरा.

मलम अंगावर ८ ते १४ तास राहिले पाहिजे. मधे हात धुतले, लेकराचे ढुंगण धुतले, भाकरी थापल्या तर हातांना पुन्हा लावा. हात हीच किडीची आवडती जागा, आणि हातच रात्रभरात चार वेळा धुतले जातात. लहान मुले बोटे चोखतात, त्यांच्या हातांवर मोजे किंवा धुतलेल्या फडक्याची पिशवी बांधा. सकाळी साबणाने आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर.

आता कपडे. अंगावेगळी झालेली कीड साधारण दोन ते तीन दिवसांत मरते. म्हणून गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेले तेवढेच कपडे आणि पांघरुणे धरायची. पेटीतल्या साड्या, माळ्यावरच्या गोधड्या उपसण्याची गरज नाही. धुता येण्यासारखे कपडे ५० अंशांहून गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवा, मग धुवा. चुलीवर पाण्याला वाफ धरली, हात घालवत नाही एवढे तापले की पुरे. वाकळ, गादी, ब्लँकेट, स्वेटर धुणे जमत नसेल तर खताच्या नव्हे, धान्याच्या कोऱ्या प्लॅस्टिक पिशवीत कोंबा, तोंड घट्ट बांधा आणि बाजूला ठेवा. चैत्र-वैशाखात, जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ वर असताना ती पिशवी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात तीन दिवस ठेवली की काम झाले. पौष-माघात, त्यातही तोरणमाळ-धडगावकडच्या गारठ्यात, कीड जास्त तग धरते. तिथे सात दिवस धरा. पिशवी मधेच उघडायची नाही. मोजके पाणी असेल तर औषधाची रात्र नळ येण्याच्या आदल्या दिवशी धरा, म्हणजे धुणे सकाळीच उरकते. फरशीवर फिनाईल ओतण्यात पाणी घालवू नका.

सात दिवसांनी हेच सगळे पुन्हा, खाज थांबलेली असली तरी. पहिल्या वेळी अंडी वाचू शकतात, दुसरी फेरी त्यातून निघालेल्या किडींसाठी असते. यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेल्या किडी आणि त्यांची घाण त्वचेत असते. घाबरून रोज मलम लावत राहिले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि तीच नवी खाज ठरते. तेवढ्या काळात खोबरेल तेल लावा, रात्रीच्या खाजेसाठी गोळी डॉक्टरांकडून घ्या. नवे पुरळ उठत राहिले किंवा चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल तर मात्र कुणीतरी सुटले आहे असे समजून यादी पुन्हा तपासा.

काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने, दोन वेळा, मधे सात ते चौदा दिवस सोडून. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या देत नाहीत. गुरांसाठी आणलेले इंजेक्शन किंवा गोचिडाचे औषध माणसाला देऊ नका, लावू नका. कपाशीवर फवारायचे औषध अंगावर चोळल्याने किंवा उवांसाठी पोरीच्या डोक्याला लावल्याने विषबाधा होते, जीव जाऊ शकतो. निंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करायची तर जरूर करा, पण तेवढ्यावर खरूज सोडून देऊ नका.

खाजवून फोडात पू झाला असेल तर तो आधी दाखवा. त्यात वेगळे जंतू शिरलेले असतात आणि त्याला वेगळे औषध लागते. पू धरलेला फोड साबणाच्या पाण्याने रोज धुऊन स्वच्छ फडक्याने झाकून ठेवा, कारण त्यातला पू हाताने दुसऱ्याच्या अंगावर जातो. असे फोड झाल्यावर काही आठवड्यांनी सकाळी मुलाचे तोंड सुजलेले दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. खरजेकडे ‘जाईल आपोआप’ म्हणून पाहू नये ते यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले.

आश्रमशाळा आणि वसतिगृहात नियम तोच, फक्त यादी मोठी. खोलीतल्या खाजणाऱ्या तीन मुलांना वेगळे काढून औषध देण्याने काही होत नाही. सगळी खोली, सोबत झोपणारे कर्मचारी, सगळे एकाच रात्री. सुट्टी लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी अंग तपासून दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या तर मुले घरी खरूज नेत नाहीत. सुट्टीहून परतल्यावर पुन्हा एकदा तपासा. पहिली फेरी झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून मूल वर्गात बसू शकते. त्याला घरी पाठवून देणे म्हणजे खरूज गावात पाठवणे.

गजकर्ण: ट्यूबच्या मागे काय लिहिले आहे ते वाचा

गजकर्ण ही बुरशी. कड लाल, उंच, खवलेदार आणि मधला भाग त्यामानाने साफ, असे गोल चट्टे. घाम, घट्ट कपडे आणि ओल हे तिचे खाद्य. केळीच्या बागेत दिवसभर ओल्या पँटीत काम करणारे, उन्हात नायलॉनच्या कपड्यात फिरणारे, जीन्स न वाळवता घालणारे यांना जांघेत आणि कमरेला होते. ओला राहणारा करदोटा इथेही नडतो.

खान्देशातच नव्हे, देशभर गजकर्ण चिवट व्हायला मोठे कारण आहे स्टेरॉइड मिसळलेली मलमे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांतले नाव असेल तर ती गजकर्णाला लावू नका, सोबत बुरशीचे औषध असले तरी. दोन दिवसांत खाज आणि लाली कमी होते, म्हणून ती फार गुणकारी वाटते. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकाराची ताकद दाबली जाते आणि बुरशी खाली पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुपटीने उठते, चट्ट्यांचा गोल आकारही बिघडतो, जांघेत त्वचा पातळ होऊन कायमचे ओरखडे पडतात. २०१८ साली सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. तरी मागितली की मिळतात, म्हणून नाव आपणच वाचायचे.

बुरशीचे मलम डॉक्टर सांगतील ते, पण लावायची रीत हीच: अंग पूर्ण कोरडे करा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटर साफ दिसणाऱ्या त्वचेपासून आत या, मग हात धुवा. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे लावत राहा. बहुतेकांचे इथेच चुकते. डोक्यातले गजकर्ण, नखातले किंवा अंगभर पसरलेले असेल तर मलमाने भागत नाही, पोटात औषध लागते.

खरजेच्या किडीसारखी ही बुरशी तीन दिवसांत मरत नाही. कपड्यावर, टॉवेलवर तिचे कण महिनोन् महिने टिकतात. म्हणून इथे पिशवीत बांधून ठेवण्याचा उपयोग नाही. रोगी माणसाचे आतले कपडे, टॉवेल, गळ्यातला रुमाल वेगळ्या बादलीत, ६० अंशांच्या पाण्यात, उलटे करून धुवा आणि उलटेच कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा शिवणींवर आणि इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवा. रोज एक टॉवेल सगळ्या घराने वापरण्याची सवय या आजाराइतकी कुठेच महागात पडत नाही. जेवढी माणसे तेवढे पंचे, मग ते जुन्या धोतराचे फाडलेले असले तरी चालतील.

गोठ्यात नजर टाका. वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर केस झडून राखाडी पापुद्र्याचे गोल दिसले तर तेही गजकर्णच, आणि ते धार काढणाऱ्याच्या हाताला, वासराला मिठी मारणाऱ्या पोराला होते. जनावराच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर वासराला हात लावल्यावर कोपरापर्यंत साबणाने धुवा. तालमीतल्या पोरांनी लंगोट एकमेकांचे वापरू नयेत आणि कुस्ती झाली की घाम अंगावर वाळू न देता आंघोळ करावी.

डोळे आले की

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने रोग्याला उजेडाचा त्रास कमी होतो, तो डोळा कमी चोळतो, एवढेच. पसरते ते असे: डोळ्यातले पाणी बोटाला, बोटावरून दाराच्या कडीला, मोबाइलला, एसटीच्या दांड्याला, तिथून दुसऱ्याच्या बोटाला आणि त्याच्या डोळ्याला. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आलेली साथ या रस्त्याने फिरली. अशी साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते, आणि त्यांतले काही कोरड्या वस्तूवर आठवड्याहून जास्त टिकतात. हाताला लावायचे सॅनिटायझर त्यांच्यावर साबणाइतके भरवशाचे नाही.

म्हणून हात धुणे, आणि तेही थोड्या पाण्यात. दाराशी पाच लिटरचा कॅन टांगा, झाकणाजवळ बारीक भोक पाडा, शेजारी दोरीला साबण. कॅन वाकवून हात ओले करा, कॅन सोडून पाणी बंद करा, साबण लावून किमान २० सेकंद चोळा, अंगठे आणि बोटांची टोके न विसरता. डोळ्याला लागतात ती टोकेच. मग धुवा आणि स्वतःच्याच फडक्याला पुसा. घमेल्यात हात बुचकळणे, सगळ्यांनी एकाच पाण्यात, हे धुणे नव्हे.

चिकटलेला डोळा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, बोळा टाका. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. घरात काजळाची एकच डबी आणि एकच बोट असते, ते तेवढे दिवस बंद. एकाच ड्रॉपची बाटली दोघांत नको, तिचे टोक पापणीला लागले की ती बाटलीच रोग पसरवते. स्टेरॉइडचे ड्रॉप विचारल्याशिवाय नकोत. डोळ्यातून पाणी आणि चिपडे येणे थांबेपर्यंत, साधारण आठवडाभर, शाळा, बाजार आणि लग्नाची पंगत टाळा. काहींच्या बाबतीत लागण दोन आठवडे चालू राहते.

कडी, नळ, बाकाची कड पुसायला ब्लीचिंग पावडर पुरते. एक लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, प्लॅस्टिकच्या बादलीत, त्याच दिवशी केलेले. पुसून दहा मिनिटे राहू द्या, मग साध्या पाण्याचे फडके. तिला क्लोरीनचा उग्र वास येत नसेल तर पावडर उतरलेली आहे. संडासाचे ॲसिड तिच्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

डोळा नुसता चुरचुरतो तोवर घरी सांभाळता येतो. ठणका लागला, उजेड सोसवेना, पुसल्यावरही धूसर दिसले, डोळ्याच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा कापूस वेचताना, ज्वारी काढताना डोळ्याला काडी लागून लाल झाला असेल, तर ते साधे डोळे येणे नाही, नेत्रतज्ज्ञ गाठा. जन्मून महिना न झालेल्या बाळाच्या डोळ्यांत पू दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि वाटेत डोळ्यात काजळ, मध, आईचे दूध यांतले काहीही घालू नका.